औषध न देताही थायमसच्या पेशी ॲनेक्सिन पॉझिटिव्ह का येतात?

तुमचा प्रश्न असा : उंदराच्या थायमोसाइट्सना (थायमस ग्रंथीत घडणाऱ्या टी-पेशींना) डेक्सामिथॅसोन हे त्यांना मारणारं स्टेरॉइड देऊन 6 तासांनी ॲनेक्सिन-पीआय केलं (ॲनेक्सिन मरू लागलेल्या पेशीच्या पृष्ठभागावर बसतं, पीआय हा रंग आवरण फाटलेल्या पेशीत शिरतो), तर औषध न दिलेल्या नळीतही 25-30 टक्के पेशी मरणपंथाला दिसतात.

आधी शून्य तासाची नळी लावा. पेशी काढल्या की लगेच, इन्क्युबेटरमध्ये न ठेवता, रंगवून बघा. तिथे 5 ते 10 टक्क्यांच्या आत आकडा आला आणि 6 तासांत चढला, तर तुमच्या हातात दोष नाही. थायमसमधल्या बहुसंख्य पेशी निवडीत नापास होऊन मरतातच. शरीरात मॅक्रोफेज (मेलेल्या पेशी गिळणाऱ्या पेशी) त्यांना लगेच गिळतात म्हणून त्या दिसत नाहीत. डिशमध्ये गिळणारं कुणी नसतं, मेलेल्या साठत जातात. मग वेळ 4 तासांवर आणा, डेक्सामिथॅसोन 0.1 मायक्रोमोलर पुरतं, आणि औषध ज्यात विरघळवलंय तेवढंच इथेनॉल किंवा डीएमएसओ कंट्रोललाही (औषध न दिलेल्या नळीलाही) घाला.

शून्य तासालाच आकडा मोठा असेल तर मात्र गडबड पेशी काढतानाच झाली आहे. थायमस जाळीवर रगडू नका, हलक्या हाताने दाबा. 70 मायक्रॉनची जाळी, बर्फावरचं माध्यम, सेंट्रिफ्यूज 300 जीवर 5 मिनिटं. लाल पेशी फोडायची पायरी इथे बहुधा लागतच नाही, ती पायरी वगळा. उंदीर आधी घाबरला असेल तर त्याचंच कॉर्टिकोस्टेरॉन (ताणाचं संप्रेरक) सीडी4-सीडी8 दुहेरी पॉझिटिव्ह (ही दोन्ही प्रथिनं पृष्ठभागावर असलेल्या, अपक्व) पेशींना मारायला लागतं. हे फार जण विसरतात.

रंगवताना 1 लाख पेशी 100 मायक्रोलिटर बफरमध्ये (हेपीस 10, मीठ 140, कॅल्शियम क्लोराइड 2.5 मिलिमोलर, पीएच 7.4), ॲनेक्सिन 5 मायक्रोलिटर, पीआय 50 मायक्रोग्रॅम/मिलीचं 5 मायक्रोलिटर. अंधारात 15 मिनिटं, मग 400 मायक्रोलिटर बफर घालून तासाभरात मशीनवर (फ्लो सायटोमीटरवर). ॲनेक्सिनला फॉस्फॅटिडिलसेरिनवर (मरणाऱ्या पेशीच्या बाहेरच्या बाजूला येणाऱ्या मेदावर) बसायला कॅल्शियम लागतं, म्हणून ईडीटीए (कॅल्शियम पकडून ठेवणारं रसायन) असलेल्या बफरमध्ये शेवटचं धुणं केलंत तर सगळंच निगेटिव्ह येईल. पण तीच गोष्ट कंट्रोल म्हणून मुद्दाम करा : एका नळीत 5 मिलिमोलर ईडीटीए. तरीही चमक राहिली तर ती खरी ॲनेक्सिनची नव्हे.

गेट लावताना (मोजायच्या पेशी आलेखावर निवडताना) लहान आकाराच्या पेशी कचरा समजून कापू नका. अपॉप्टोसिसमध्ये (पेशीच्या नियोजित मृत्यूत) पेशी आक्रसतात, त्याच तुम्हाला मोजायच्या आहेत. आणि दोन्ही रंग घेतलेली पेशी कशाने मेली हे ॲनेक्सिन सांगत नाही. एका नळीत क्यू-व्हीडी-ओपीएच (अपॉप्टोसिस घडवणारी कॅस्पेज एन्झाइम्स रोखणारं रसायन) 20 मायक्रोमोलर घाला. त्याने आकडा पडला तरच कॅस्पेजचं काम म्हणा.