गळा आणि गाणं : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : ताई, मी २४ वर्षांचा आहे, कोल्हापूरला सुगम संगीत शिकतो. मित्राने अल ग्रीन या अमेरिकन गायकाचं ‘लेट्स स्टे टुगेदर’ ऐकवलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून जात नाही. पण हा माणूस पूर्ण आवाज लावतच नाही. मध्येच आवाज वर जाऊन पातळ होतो, कुठे नुसता हुंकार. आमच्या क्लासात असं गायलो तर ‘आवाज चोरू नकोस’ म्हणून ओरडा बसतो. मग त्याच्या गळ्यात तेच इतकं गोड का लागतं? मला ते शिकता येईल का?

उत्तर : तुझे गुरुजी बरोबर सांगतात, आणि तुला जे गोड लागतंय तेही खरं आहे. आवाज चोरणाऱ्याचा सूर खाली बसतो आणि ओळीचा शेवटचा शब्द गळून पडतो. अल ग्रीनचं तसं कुठेच होत नाही. आवाज कितीही बारीक झाला तरी सूर जागचा हलत नाही. त्याच्याकडे मोठा आवाज आहे, तो त्याने आवरून धरला आहे.

आणि हे आवरणं त्याला शिकावं लागलं. तो अमेरिकेतल्या आर्कान्सा राज्यातल्या फॉरेस्ट सिटीचा, जन्म १९४६ चा. लहानपणी भावांबरोबर गॉस्पेल म्हणजे चर्चची भक्तिगीतं गायचा. चर्चबाहेरची गाणी गाणारा जॅकी विल्सन चोरून ऐकतो म्हणून वडिलांनी त्याला घराबाहेर काढलं होतं. त्या काळी सोल, म्हणजे गॉस्पेलच्या वळणाची प्रेमगीतं, गायचं म्हणजे काळीज पिळवटून गायचं. सोल गायक ओटिस रेडिंगचं १९६५ चं ‘आय हॅव बीन लव्हिंग यू टू लाँग’ ऐक. सुरुवात विनवणीची, आणि शेवटी तो माणूस अक्षरशः गुडघे टेकल्यासारखा गातो. ते गाणं मला फार प्रिय आहे. अल ग्रीनलाही असंच जोरकस गायचं होतं. मेम्फिस शहरातल्या हाय रेकॉर्ड्स या रेकॉर्ड कंपनीचा संगीतकार-निर्माता विली मिचेल त्याला मागे खेचत राहिला : हळू गा, दुसऱ्या कुणासारखं नको, आपल्यासारखं गा. मला विचारशील तर संगीतकाराने गायकावर केलेला यापेक्षा मोठा उपकार मला माहीत नाही.

मिचेलचा रॉयल स्टुडिओ म्हणजे जुनं सिनेमाचं थिएटर. खुर्च्या निघाल्या, पण जमिनीचा उतार तसाच राहिला. तिथे हॉजेस बंधू वाजवायचे : टीनी गिटारवर, चार्ल्स ऑर्गनवर, लिरॉय बेसवर. ड्रमचा आवाज कोरडा, दबका. ब्रासची (ट्रम्पेटसारखी फुंकून वाजवायची) वाद्यं दोन ओळींच्या मधल्या जागेत येतात आणि बाजूला होतात. गायकाला कुणाच्या वरचढ ओरडावं लागत नाही. माइक तोंडाजवळ, त्यामुळे श्वाससुद्धा ऐकू येतो. हे गाणं सभागृहाला नाही, एकाच माणसाला ऐकवायचं आहे.

आता गाण्यात ये. गाणं लिहिलं अल ग्रीन, मिचेल आणि ड्रमर अल जॅक्सन या तिघांनी. १९७१ च्या अखेरीस ते आलं आणि फेब्रुवारी १९७२ मध्ये अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं. अर्थ साधा आहे : दिवस बरे असोत की वाईट, आपण एकत्र राहू. पहिलाच शब्द ‘आय’. तो सुटा ठेवून तो थांबतो, मग ‘आय्‌म सो इन लव्ह विथ यू’. ध्रुवपदात तो ‘लेट्स’ म्हणतो आणि पुन्हा ‘लेट्स’ म्हणतो. पुढे ‘व्हेदर, व्हेदर’. दुसरा एखादा गायक तिथे एकच सूर लांबवून टाळ्या घेईल. अल ग्रीन तोच शब्द पुन्हा उच्चारतो आणि दुसऱ्या वेळी त्यावर हलकासा वेगळा भार देतो. ठुमरीत एकच बोल दोनदा घेऊन त्याचा रंग बदलतात, तू ऐकलं असशीलच. शिवाय तो ठेक्याच्या किंचित मागे राहतो. ड्रम घाई न करता चाललाय आणि शब्द त्याच्या मागून सावकाश येतायत. बोलणाऱ्याला समोरच्याची खात्री असली की तो असाच बोलतो.

मधल्या कडव्यात तो विचारतो, माणसं एकमेकांना सोडून का जातात, परत जुळवून का घेतात. तिथे लक्ष दे. शंका आली की त्याचा आवाज वर चढून पातळ होतो. आपण ज्याला खोटा आवाज म्हणतो तोच हा. स्वरतंतू ताणले जातात, त्यांची फक्त कड थरथरते, थोडी हवा निसटते, म्हणून तो नाजूक लागतो. खरा आवाज संपून हा सुरू होतो तो सांधा बहुतेक गायक झाकतात. अल ग्रीन झाकत नाही. माणसाचा गळा दाटून यावा तसा तो सांधा ऐकू येतो, आणि पुढच्या ओळीला खाली येताना स्वर बिनचूक असतो.

शिकता येईल, पण उलट्या बाजूने सुरू कर. आधी महिनाभर एकच ओळ खुल्या आवाजात, आकारासह, तानपुऱ्यावर पक्की कर. मग तीच ओळ, तोच सूर, अर्ध्या आवाजात. मोबाइलवर रेकॉर्ड करून तानपुऱ्याशी ताडून बघ. शेवटचा शब्द खाली बसत असेल तर परत खुल्या आवाजाकडे जा. आणि पातळ आवाज प्रत्येक ओळीत नको. तिघा-चौघांत गाताना एखाद्याच शब्दावर घे, जिथे अर्थ तुला तिकडे नेईल तिथे. तुझ्या गुरुजींनाही हे गाणं एकदा ऐकव, त्यांना आवडेल असं मला मनापासून वाटतं.

प्रश्न : मी साठीतली श्रोती आहे, गात नाही. हळुवार इंग्रजी गाणी आवडतात. अल ग्रीनचं आणखी काय ऐकू? (ठाणे)

उत्तर : ‘हाउ कॅन यू मेंड अ ब्रोकन हार्ट’. मूळ गाणं बी जीज या भावांच्या गटाचं, अल ग्रीनने ते ‘लेट्स स्टे टुगेदर’ याच नावाच्या १९७२ च्या अल्बममध्ये घेतलं आणि सहा मिनिटांहून लांबवलं. इतकं संथ, की पहिल्यांदा ऐकताना धीर धरावा लागतो. मग त्याच वर्षीचं ‘सिम्प्ली ब्युटिफुल’. ते रात्री, आवाज लहान ठेवून ऐका. त्यात तो जवळजवळ कुजबुजतो. ‘लेट्स स्टे टुगेदर’ टीना टर्नर या गायिकेनेही १९८३ मध्ये गायलं आहे. तिचा आवाज राकट, उघडा. दोन्ही पाठोपाठ लावलीत तर त्याच शब्दांत तिची मागणी आणि त्याचं आर्जव वेगवेगळं ऐकू येईल. १९७६ पासून तो मेम्फिसमध्ये स्वतःचं चर्च चालवू लागला. त्याची त्यानंतरची गॉस्पेल गाणीही मिळतात, तीही जरूर ऐका.