गूढकथेला रहस्यकथा म्हटलं तर बिघडतं कुठे?

एका वाचक मैत्रिणीचा प्रश्न आहे. ती भयकथा-रहस्यकथा भरपूर वाचते आणि त्यांच्यावर लिहिते. नुकतंच एका कादंबरीबद्दल तिने लिहिलं: 'वाड्यातल्या अमानुष शक्तीमुळे नायिकेला रात्री पावलांचे भास होतात. मग एक खून होतो, आरोपी सापडतो, पण वाड्याचं रहस्य शेवटपर्यंत रहस्यच राहतं. बिभत्स वर्णनांमुळे ही रहस्यकथा अंगावर काटा आणते.' त्यावर एकाने 'अमानुष' चूक ठरवला, तर दुसऱ्याने सांगितलं की ही रहस्यकथा नव्हे, गूढकथा. तिचं म्हणणं, इतका काटेकोरपणा खरंच हवा का?

हवा, आणि या प्रकारच्या पुस्तकांबद्दल लिहिताना तर जास्तच हवा. सामाजिक कादंबरीच्या परीक्षणात एखादा शब्द सैल पडला तरी वाचक सांभाळून घेतो. रहस्यकथेचा वाचक मात्र आपल्या शब्दांवरून पुस्तक हातात घ्यायचं की नाही ते ठरवतो, शेवटी उत्तर मिळणार की नाही याचा अंदाज बांधतो. आणि एखादा बेसावध शब्द ते उत्तरच आधी सांगून टाकतो. वरच्या तीनच वाक्यांत या दोन्ही गोष्टी घडल्या आहेत.

आधी रहस्य आणि गूढ. रहस्य कुणाला तरी ठाऊक असतं. ते दडवलेलं असतं, म्हणून फुटतं, उघडकीला येतं. रहस्यकथा म्हटली की वाचक हिशेब मांडून बसतो: कुणी केलं, कसं केलं, का केलं. तो हिशेब शेवटच्या पानापर्यंत चुकता व्हायला हवा, नाहीतर त्याला फसवल्यासारखं वाटतं. गूढकथेत असा करार नसतो. तिथे उत्तर अर्धवट राहू शकतं, दोन उत्तरं शक्य असू शकतात, किंवा उत्तर मिळाल्यावर अस्वस्थता आणखी वाढते. बाबूराव अर्नाळकरांच्या कथांना रहस्यकथा, नारायण धारपांच्या लेखनाला भयकथा आणि रत्नाकर मतकरींच्या कथांना गूढकथा म्हणण्याची मराठी वाचकाची सवय उगाच पडलेली नाही. तिन्हींत वाचकाची अपेक्षा वेगळी असते. बातम्यांमध्ये 'मृत्यूचं गूढ उकललं' असं सर्रास येतं आणि त्यात काही चूक नाही, रोजच्या वापरात हे दोन शब्द एकमेकांच्या अंगणात जातातच. पण पुस्तकाचा प्रकार सांगताना सरमिसळ नको. ज्या पुस्तकात 'रहस्य शेवटपर्यंत रहस्यच राहतं', त्याला त्याच दमात रहस्यकथा म्हणणं म्हणजे वाचकाला चुकीच्या गाडीत बसवणं. इथे दुसऱ्या टीकाकाराचं बरोबर आहे.

आता ज्याबद्दल कुणीच बोललेलं नाही, तो शब्द: भास. माझ्या मते सगळ्यात मोठी चूक इथे आहे. 'पावलांचे भास होतात' असं मराठीत म्हटलं की पावलं वाजत नव्हती, हे त्यातच आलं. भास म्हणजे नसलेल्या गोष्टीची जाणीव. कादंबरीकाराने दोन-तीनशे पानं खपून वाचकाला टांगून ठेवलेलं असतं, की जिन्यावर खरंच कुणी आहे की हिच्या मनाचे खेळ आहेत, आणि परीक्षणाने पहिल्याच वाक्यात निकाल देऊन टाकला! त्यातून, भास असतील तर शक्ती कुठली आणि शक्ती असेल तर भास कसले, हा घोटाळा वेगळाच. 'नायिकेला रात्री जिन्यावर पावलं ऐकू येतात' एवढंच लिहावं. 'ऐकू येतात' हे क्रियापद कुणाचीच बाजू घेत नाही. 'वाटतं', 'जाणवतं' हेही चालतील. 'भासतं' मात्र टाळावं.

भासाला लागून भ्रम येतो. साधारणपणे भास इंद्रियांना होतो आणि भ्रम समजुतीत असतो. कानांना भास होईल. नवरा आपल्याला मारायला टपला आहे अशी खोटी खात्री पटली असेल, तर तो भ्रम. आपण 'भ्रमाचा भोपळा फुटला' म्हणतो, 'भासाचा' म्हणत नाही.

खून हा शब्दही असाच जपून वापरायचा. पुस्तकात देह सापडतो, तो अपघात, आत्महत्या की घातपात हे निम्म्या पुस्तकापर्यंत ठरत नसेल, तर परीक्षणात 'मृत्यू' लिहावं, फार तर 'संशयास्पद मृत्यू'. तीच गोष्ट माणसांची. ज्याच्यावर संशय आहे तो संशयित, ज्याच्यावर आरोप ठेवला तो आरोपी, ज्याचा गुन्हा शाबीत झाला तो गुन्हेगार. 'आरोपी सापडतो' याचा अर्थ खुनी सापडला असा होत नाही, आणि चांगल्या रहस्यकथेची सगळी गंमत बहुधा या दोहोंमधल्या अंतरातच असते. कायद्यात 'खून' आणि 'सदोष मनुष्यवध' हेही निराळे गुन्हे आहेत. भारतीय दंड संहितेत त्यांची शिक्षा अनुक्रमे कलम ३०२ आणि ३०४ मध्ये होती. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली आणि ती कलम १०३ आणि १०५ मध्ये आली. त्यानंतर घडलेल्या गुन्ह्याच्या कथेत फौजदार 'तीनशे दोन लावतो' म्हणत असेल, तर ते परीक्षणात जरूर दाखवून द्यावं.

शिवाय खून आणि खूण. उच्चारात न-णचा फरक पुसट झाला की लिहिताना 'खुणी सापडला' असं होतं. खून पुल्लिंगी, खूण स्त्रीलिंगी. म्हणून खुनाची जागा, पण खुणेची जागा. एका अक्षराने प्रेताच्या ठिकाणी नुसती खडूची फुली उरते.

'अमानुष'वरचा आक्षेप मला निम्माच मान्य आहे. मनुष्याचं नव्हे ते अमानुष, असा व्युत्पत्तीने अर्थ निघतोच. पण आज आपण अमानुष छळ, अमानुष मारहाण म्हणतो, म्हणजे माणुसकी सोडून केलेलं. वाड्यातली शक्ती कुणाला इजा न करता नुसती वावरत असेल, तर ती अमानुष नाही, अमानवी आहे. माणसाच्या ताकदीपलीकडचं काही करत असेल तर अतिमानवी. आणि ती इंद्रियांना कळतच नसेल तर अतींद्रिय, यातला 'ती' दीर्घ.

बिभत्स असं लिहू नये, शब्द बीभत्स आहे. पण ऱ्हस्व-दीर्घापेक्षा अर्थाकडे पाहा. भरताच्या नाट्यशास्त्रातल्या आठ रसांत भयानक आणि बीभत्स हे वेगळे रस आहेत. पहिल्याचा स्थायीभाव भय, दुसऱ्याचा जुगुप्सा म्हणजे किळस. रिकाम्या खोलीतला झोपाळा आपोआप हलू लागतो, तेव्हा भय वाटतं. सडलेल्या प्रेताचं रसभरीत वर्णन येतं, तेव्हा किळस वाटते. अंगावर काटा येतो तो भीतीने, किळस आली की शिसारी येते. पुष्कळ लेखक भीती जमली नाही की किळसेवर भागवतात, आणि ते ओळखून सांगणं हे परीक्षण करणाऱ्याचं काम आहे. म्हणून या कादंबरीत नेमकं काय झालं, काटा आला की शिसारी, ते ठरवून मगच ते वाक्य पुन्हा लिहावं.

अशा लेखनात हमखास चुकणारे आणखी काही शब्द. माणसाचं अपहरण होतं, पैशांचा अपहार होतो. 'रहस्य अनावृत झालं' यात एकच त हवा. आवृत म्हणजे झाकलेलं, आवृत्त म्हणजे पुन्हा आलेलं, त्यावरूनच पुस्तकाची आवृत्ती. विक्षिप्त माणूस तऱ्हेवाईक असतो. एकामागून एक खून पाडणाऱ्याला विक्षिप्त म्हटलं तर ते फारच सौम्य होतं, तिथे विकृत म्हणावं. गुप्तहेराच्या हाती आधी धागादोरा लागतो, पुरावा त्यानंतर येतो. पहिल्याने दिशा कळते, दुसऱ्याने कोर्टात गुन्हा शाबीत होतो. आणि ज्याला आपण परीक्षण म्हणतो, त्यातला 'री' दीर्घ, कारण परि आणि ईक्षण यांचा तो संधी आहे. परिचय, परिणाम, परिच्छेद यांत मात्र ऱ्हस्वच.