एकाच नावाचे दोन लॅपटॉप वेगळे कसे? मॉडेल आणि प्रोसेसरचा क्रमांक कसा वाचावा

आपला प्रश्न मला समजला तो असा. मुलीला बेळगावात अभियांत्रिकीच्या संगणकशास्त्र शाखेत प्रवेश मिळाला आहे, ती खानापूरहून रोज ये-जा करणार आहे आणि आपण तीन दुकानांतून तीन कोटेशन घेतली आहेत. पहिल्यावर लेनोवो आयडियापॅड स्लिम ३, रायझन ५ ७५२०यू, १६ जीबी एलपीडीडीआर५ असे लिहिले आहे. दुसऱ्यावरही आयडियापॅड स्लिम ३ हेच नाव आहे, मात्र प्रोसेसर कोअर आय५-१२४५०एच आहे आणि रॅम तशीच १६ जीबी एलपीडीडीआर५ आहे. तिसरे असूस विवोबुक १५ आहे, त्यात कोअर ५ १२०यू आणि ८ जीबी डीडीआर४ रॅम आहे. तिन्हींत ५१२ जीबी एसएसडी, म्हणजे साठवणीची जागा, आहे, किमतींत फारसे अंतर नाही, आणि तिन्ही प्रोसेसर ‘फाइव्ह’ असताना फरक नेमका कशात आहे, असे आपण विचारले आहे.

मी बेळगावातील एका अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक प्रयोगशाळेची व्यवस्था पाहतो. प्रवेशाच्या दिवसांत असेच कागद घेऊन पालक भेटतात आणि बहुतेकांचे लक्ष ‘आय५’ किंवा ‘रायझन ५’ एवढ्यावरच थांबलेले असते. जमीन घेताना आपण नुसत्या गावाच्या नावावर व्यवहार करत नाही, उताऱ्यावरचा सर्व्हे नंबर आणि हिस्सा नंबर पाहतो. लॅपटॉपच्या बाबतीत ‘स्लिम ३’ किंवा ‘रायझन ५’ हे गावाचे नाव झाले. खरी ओळख त्याच्या पुढच्या अंकांत आणि अक्षरांत असते, म्हणून तिथूनच सुरुवात करतो.

एएमडी कंपनीने २०२२ साली आपल्या लॅपटॉप प्रोसेसरांसाठी चार अंकांची जी पद्धत जाहीर केली, तीत पहिला अंक कोणत्या वर्षाच्या मालिकेचा ते सांगतो, दुसरा अंक दर्जाची पायरी सांगतो आणि तिसरा अंक आतली रचना कोणत्या पिढीची आहे ते सांगतो. ७५२०यू मध्ये ७ म्हणजे २०२३ ची मालिका, ५ म्हणजे मधली पायरी आणि तिसरा अंक २ म्हणजे ‘झेन २’ ही रचना. ही रचना मुळात २०१९ मध्ये आलेली आहे. म्हणजे खोक्यावर नवी मालिका दिसत असली तरी आतील रचना जुनी आहे. या प्रोसेसरमध्ये चार कोअर (काम करणारे भाग) आणि आठ थ्रेड (एकाच वेळी हाताळता येणारी कामे) आहेत, आणि त्याचा ग्राफिक्सचा भागही अगदी लहान आहे. आता शेजारचा ७५३०यू पाहावा. क्रमांकात फरक एका अंकाचा आहे, पण तिसरा अंक ३ असल्यामुळे रचना ‘झेन ३’ ची आहे आणि कोअर सहा, थ्रेड बारा आहेत. दोन्हींवर ‘रायझन ५’ असेच छापलेले असते आणि किंमतही पुष्कळदा जवळपास असते. ग्राहकाने हा एक अंक पाहिला नाही तर त्याचे मोठे नुकसान होते, आणि मला ही गोष्ट मनापासून खटकते, कारण ही नावे वाचायला कोणी शिकवलेलेच नसते.

इंटेलची जुनी पद्धत तुलनेने सोपी होती. आय५-१२४५०एच मध्ये पहिले दोन अंक १२ म्हणजे बारावी पिढी, मधले अंक त्या पिढीतील जागा, आणि शेवटचे अक्षर विजेच्या वापराचा वर्ग. यू अक्षराच्या प्रोसेसरची मूळ मर्यादा साधारण १५ वॉट असते, पी ची २८ आणि एच ची ४५ वॉट. एच वर्गातील यंत्र जास्त वेळ जोर लावू शकते, पण त्याची किंमत ते बॅटरीतून आणि उष्णतेतून वसूल करते. २०२३ च्या अखेरीस इंटेलने नव्या प्रोसेसरांच्या नावातील ‘आय’ काढून टाकला, आणि त्यानंतर ‘कोअर’ आणि ‘कोअर अल्ट्रा’ अशा दोन शाखा झाल्या. या दोन शाखांत गल्लत करू नये. २०२४ च्या सुरुवातीस आलेला कोअर ५ १२०यू हा आतून तेराव्या पिढीच्या आय५-१३३५यू चाच भाऊ आहे. दोन्हींत दहा कोअर आहेत, त्यांपैकी दोन जोरकस आणि आठ काटकसरी, आणि थ्रेड बारा आहेत. १२०यू चा कमाल वेग ५ गिगाहर्ट्झ आहे, १३३५यू चा ४.६. हा प्रोसेसर वाईट नाही, मात्र ‘नवे नाव म्हणजे नवी रचना’ असे दुकानात सांगितले तर ते मानू नये. कोअर अल्ट्रा ५ १२५एच ची रचना मात्र खरोखरच वेगळी आहे आणि त्यात एआयच्या कामांसाठी एनपीयू नावाचा स्वतंत्र भाग आहे.

हाच क्रमांक वाचण्याचा सराव जुन्या यंत्रांसाठीही उपयोगी पडतो. कंपन्यांनी वापरून काढलेले लॅपटॉप आपल्याकडे स्वस्तात मिळतात आणि त्यांवरही आय५ किंवा आय७ लिहिलेले असते. क्रमांक आय५-६३००यू असेल तर पहिला अंक ६ म्हणजे तो सहाव्या पिढीचा आहे. विंडोज ११ साठी मायक्रोसॉफ्टच्या अधिकृत यादीत इंटेलचे प्रोसेसर, काही मोजके अपवाद सोडले तर, आठव्या पिढीपासून पुढचे आहेत, आणि विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. चार वर्षांच्या शिक्षणासाठी तसे यंत्र घेऊ नये.

आता पहिल्या दोन कोटेशनांवरील सारख्या नावाकडे येतो. लेनोवो आपल्या यंत्रांना नावापुढे एक संकेत देते आणि तो तळाच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. पहिल्या यंत्राचा संकेत १५एएमएन८ असा असला पाहिजे. यात १५ म्हणजे पडद्याचा आकार, पहिला ए म्हणजे एएमडी, एमएन हे प्रोसेसरच्या ‘मेंडोसिनो’ या अंतर्गत नावावरून आलेले, आणि ८ म्हणजे त्या लॅपटॉपची आठवी आवृत्ती. दुसऱ्याचा संकेत १५आयएएच८ असेल, ज्यात आय म्हणजे इंटेल, ए म्हणजे ‘अल्डर लेक’ ही बारावी पिढी, आणि एच म्हणजे वर सांगितलेला ४५ वॉटचा वर्ग. संकेत कळला की लेनोवोच्याच संकेतस्थळावर त्या यंत्राचा संपूर्ण तपशील सापडतो, ज्यात रॅमसाठी मोकळा स्लॉट आहे की नाही, पडदा कोणत्या प्रकारचा आहे, बॅटरी किती वॉट-तासांची आहे हे सगळे असते. असूसमध्येही तसेच आहे. विवोबुक १५ चा संकेत एक्स१५०४झेडए असेल तर बारावी पिढी, एक्स१५०४व्हीए असेल तर तेरावी किंवा तिचेच नवे नाव. म्हणून माझी आग्रहाची विनंती आहे की कोटेशनवर प्रोसेसरचा पूर्ण क्रमांक आणि मॉडेलचा पूर्ण संकेत दुकानदाराकडून लिहून घ्यावा. चांगला दुकानदार नकार देत नाही.

रॅमविषयी थोडे सविस्तर सांगणे आवश्यक आहे, कारण निवड तिथेच ठरते. एलपीडीडीआर५ ही कमी वीज घेणारी रॅम जवळजवळ नेहमी मुख्य बोर्डावर डाख देऊन बसवलेली असते. ती पुढे वाढवता येत नाही आणि बिघडली तर बहुधा पूर्ण बोर्डच बदलावा लागतो. आपल्या पहिल्या दोन यंत्रांत १६ जीबी आहे, आणि चार वर्षे तेवढीच राहणार. तिसऱ्या यंत्रात ८ जीबी बोर्डावर आहे आणि शेजारी एक स्लॉट असतो, ज्यात आणखी ८ जीबीची डीडीआर४ पट्टी बसवता येते. संकेतावरून ही गोष्ट खरेदीपूर्वी एकदा पडताळून घ्यावी. ८ जीबीवर संगणकशास्त्राचा विद्यार्थी पहिले वर्ष ओढून नेतो, पण पुढे अँड्रॉइड स्टुडिओ (मोबाइल ॲप बनवण्याचे सॉफ्टवेअर) किंवा व्हर्च्युअल मशीन (संगणकातच चालणारा दुसरा संगणक) चालवण्याची वेळ आली, आणि सोबत ब्राउझर उघडा असला, की यंत्र रखडू लागते. दुसरे असे की प्रोसेसरमधील ग्राफिक्सला स्वतःची वेगळी स्मृती नसते, ते मुख्य रॅमचाच वाटा वापरते. रॅम दोन वाटांनी, म्हणजे ड्युअल चॅनेलने, पोहोचत असेल तर ते बरेच वेगाने चालते. इंटेलच्या बाराव्या-तेराव्या पिढीत तर एकाच वाटेने रॅम जोडलेली असेल तर ग्राफिक्सचे ‘आयरिस एक्सई’ हे नाव जाऊन पडद्यावर नुसते ‘यूएचडी’ दिसते, इतका हा फरक कंपनीनेही मानलेला आहे. म्हणून पट्टी टाकल्याने जागा तर वाढतेच, ग्राफिक्सही सुधारते.

एसएसडीबद्दल फार विचार करण्याचे कारण नाही. ती एनव्हीएमई या वेगवान प्रकारची आहे एवढे पाहावे. ५१२ ऐवजी विंडोजमध्ये सुमारे ४७६ जीबी दिसते, त्यात फसवणूक नाही. कंपनी एक जीबी म्हणजे शंभर कोटी बाइट मोजते आणि विंडोज १०२४ च्या पटीत मोजते.

पडद्याकडे मात्र पालक जवळजवळ कधीच पाहत नाहीत, आणि मुलांचे डोळे रोज त्यावरच असतात. स्वस्त यंत्रांत ‘४५ टक्के एनटीएससी’ आणि ‘२५० निट’ असे लिहिलेले असते. पहिल्याचा अर्थ रंग फिके, दुसऱ्याचा अर्थ उजेड कमी. खिडकीजवळ बसून काम करायचे तर ३०० निट बरे, आणि रंगांसाठी ‘१०० टक्के एसआरजीबी’ हे चांगले लक्षण. निदान पडदा आयपीएस, म्हणजे बाजूनेही नीट दिसणारा, असावा. टीएन प्रकारचा पडदा बाजूने किंवा वरून पाहिला की काळवंडतो, ही परीक्षा दुकानातच करता येते.

बॅटरी वॉट-तासांत मोजावी. ‘इतके तास चालते’ हा दावा कंपनीच्या सोयीच्या परिस्थितीतला असतो. ४२ वॉट-तासांची बॅटरी असेल आणि हलक्या कामात यंत्र ताशी ८ ते १० वॉट-तास घेत असेल, तर चार-पाच तास मिळतील, हा साधा भागाकार आहे. आपल्या भागात याला जास्त महत्त्व आहे. पावसाळ्यात खानापूर, जांबोटी, कणकुंबीकडे वीज तासन्‌तास जाते, आणि मुलगी दिवसभर कॉलेजात असेल तर वर्गात प्रत्येकाला प्लग मिळतोच असे नाही. त्याच कारणाने वजनही पाहावे, कारण बसमध्ये पाठीवर ते तिलाच वाहायचे आहे. टाइप-सी पोर्टातून चार्जिंग होते का तेही विचारावे. पोर्टाचा आकार टाइप-सी असला म्हणजे चार्जिंग होतेच असे नसते, तपशिलात ‘पॉवर डिलिव्हरी’ असा उल्लेख हवा.

‘एआय लॅपटॉप’ या पाटीसाठी वेगळे पैसे देऊ नयेत. मायक्रोसॉफ्टने २०२४ मध्ये ‘कोपायलट प्लस’ या आपल्या एआय यंत्रांसाठी ४० टॉप्सहून (टॉप्स म्हणजे सेकंदाला किती लाख कोटी गणना, त्याचे माप) अधिक क्षमतेच्या एनपीयूची आणि किमान १६ जीबी रॅमची अट घातली. वर उल्लेखिलेल्या कोअर अल्ट्रा १२५एच चा एनपीयू साधारण ११ टॉप्सचा आहे, म्हणजे एनपीयू असूनही तो त्या अटीत बसत नाही. अभ्यासक्रमातील प्रोग्रॅमिंगसाठी यातले काहीच लागत नाही. वेगळे ग्राफिक्स कार्डही संगणकशास्त्राच्या पहिल्या वर्षांत लागत नाही, मशीन लर्निंगचे सुरुवातीचे काम गूगल कोलॅब या इंटरनेटवरील सेवेवर होते. यंत्र अभियांत्रिकीतील मुलांना त्रिमितीय आरेखनासाठी ते उपयोगी पडते, आणि घ्यायचेच झाले तर नावापुढचे वॉट पाहावेत. आरटीएक्स ४०५० हेच कार्ड एका लॅपटॉपमध्ये ३५ वॉटवर आणि दुसऱ्यात ११५ वॉटवर चालू शकते, आणि दोघांच्या कामात उघड अंतर असते.

कोल्हापूरला किंवा गोव्याला जाऊन घेतल्यास स्वस्त पडेल का, असेही आपण शेवटी विचारले आहे. लॅपटॉपवर जीएसटी सगळीकडे १८ टक्केच आहे, म्हणून करामुळे फरक पडणार नाही, दुकानाच्या सवलतीने पडेल तेवढाच. मोठ्या कंपन्यांची हमी साधारणपणे देशभर चालते. त्यापेक्षा महत्त्वाचा प्रश्न असा की दुरुस्तीला माणूस खानापूरच्या पिन कोडवर घरी येतो की यंत्र सेवा केंद्रात न्यावे लागते. हे कंपनीच्या ग्राहक क्रमांकावर आधीच विचारून घ्यावे.

माझे मत स्पष्ट सांगतो. पहिले यंत्र घेऊ नये. १६ जीबी रॅमचे आकर्षण असले तरी चार कोअरचा ‘झेन २’ प्रोसेसर चार वर्षांनंतर फार मागे पडलेला असेल. दुसरे यंत्र ताकदीला चांगले आहे. त्यात चार जोरकस आणि चार काटकसरी असे आठ कोअर आहेत, आणि मोठा प्रोग्रॅम कंपाइल करताना, म्हणजे यंत्राच्या भाषेत बदलताना, ते तिसऱ्यापेक्षा जास्त वेळ वेग टिकवून धरेल. तरीही रोज प्रवास करणाऱ्या मुलीसाठी मी तिसरे निवडेन, एका अटीवर: दुकानदाराने ८ जीबीची पट्टी स्वतः बसवून द्यावी, तिचा उल्लेख बिलात असावा, आणि त्यामुळे कंपनीची हमी बाधित होत नाही हे लेखी द्यावे. बसवल्यावर दुकानातच विंडोजमधील टास्क मॅनेजर उघडून १६ जीबी दिसते का ते पाहावे, आणि खोक्यावरचा अनुक्रमांक यंत्राच्या तळाशी व बिलावर जुळतो का तेही पाहावे. दुकानदार ही अट मान्य करत नसेल किंवा पट्टीसकट किंमत दुसऱ्या यंत्राच्या वर जात असेल, तर दुसरे यंत्र घ्यावे आणि मुलीला चार्जर दप्तरात ठेवायला सांगावे.