फळीवर झोपणारा मुलगा

प्रश्न : पंचवटीत आमचं चहाचं दुकान आहे. आठवडाभर पंधराएक वर्षांचा मुलगा रात्री फळीवर झोपतोय. पाठीवर वळ दिसतात. घरी ठेवून घेऊ का?

उत्तर : जेवण द्या, पण परस्पर घरी ठेवू नका. अशा निराधार मुलाची माहिती 24 तासांत न कळवणं हा बाल न्याय कायद्यानुसार (2015) गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद, दहा हजार रुपये दंड किंवा दोन्ही. 1098 या मुलांसाठीच्या मदत क्रमांकाला फोन लावा. दुकानाची खूण नीट सांगा, 'रामकुंडाजवळ' एवढ्यानं माणूस सापडत नाही.

गाडी येईपर्यंतचा वेळ नाजूक. 'कुणी मारलं?' असं पाच जणांनी पाचदा विचारलं की मुलगा पळतो. एकानंच बोलावं. तो स्वतःहून सांगेल ते त्याच्याच शब्दांत वहीत लिहा, तारीख-वेळेसह. वळांना हळद लावू नका. डॉक्टरांना ते जसेच्या तसे दिसायला हवेत. व्हॉट्सॲपवर फोटो अजिबात नको, ओळख उघड करणं हाही गुन्हाच. आणि आधी घरी फोन करू नका. बऱ्याचदा मारणाराच न्यायला येतो!

पुढे 24 तासांत (प्रवासाचा वेळ सोडून) त्याला बाल कल्याण समितीपुढे नेतात. बालगृह की घर, हे समिती चौकशीनंतर ठरवते. वयाबद्दल शंका आली तर आधी शाळेचा किंवा जन्माचा दाखला पाहतात, हाडांची तपासणी शेवटी. त्यामुळे त्यानं शाळेचं नाव सांगितलं तर तेही टिपून ठेवा.