शुक्राला पृथ्वीचं जुळं भावंड म्हणतात, मग दोघांची हवा इतकी वेगळी कशी? तिथे माणूस राहू शकेल का?

‘सूर्याच्या जवळ आहे म्हणून’ असं दहा जण सांगतील. ते अपुरं आहे. शुक्राचे ढग पडलेल्या उन्हापैकी तीन चतुर्थांश परत फेकतात, त्यामुळे त्याच्या वाट्याला येणारं ऊन पृथ्वीपेक्षाही कमी. तरी जमीन ४६५ अंशांवर तापलेली. फरक आहे तो उष्णता अडकवून ठेवणारा कार्बन डायऑक्साइड कुठे ठेवलाय याचा. शुक्राचा सगळा हवेत: हवेत ९६ टक्के तोच, आणि दाब आपल्या ९० पट. पृथ्वीकडेही साधारण तेवढाच आहे, पण तो चुनखडीत आणि शिंपल्यांत कोंडलेला.

हे मला आमच्या भट्टीने शिकवलं, आणि त्यापायी आमचं घर फुटलं.

आम्ही गोव्यातल्या चोडणचे. बाबांची शिंपल्यांच्या चुन्याची भट्टी होती. तिसऱ्या, खुबे, कालवं, मांडवीतलं मिळेल ते कवच. लाकूड-कोळशाचा थर, शिंपल्यांचा थर, पुन्हा लाकूड. १९७९ साली एका देवळाच्या कामाचा मोठा चुना होता. हिशेब काका बघायचे. ते कचेरीत कारकून, भट्टीला कधी हात लावला नव्हता. २० क्विंटल शिंपले आत गेले, चुना निघाला जेमतेम ११ क्विंटल. काकांनी वही उघडून सगळ्यांसमोर विचारलं, “नऊ क्विंटल गेले कुठे?” बाबा म्हणाले, “भट्टीत माल हलका होतो, दादा.” का होतो ते त्यांना सांगता येईना. बाबांनी चुना परस्पर विकला असं गावभर झालं. पुढच्या चवथीला गणपती दोन, त्यांच्यावर टांगायच्या फळाफुलांच्या माटोळ्या दोन. आमच्या घराण्यात तसं आधी कधीच झालं नव्हतं.

बारावीत रसायनशास्त्राच्या तासाला फळ्यावर आलं: १०० भाग शिंपला तापवला की ५६ भाग चुना उरतो, ४४ भाग कार्बन डायऑक्साइड होऊन उडतो. मी तिथेच वहीच्या मागच्या पानावर गुणाकार केला. २० क्विंटलला ८.८ क्विंटल. घरी येऊन बाबांना दाखवलं. ते बराच वेळ गप्प होते, मग म्हणाले, “म्हणजे भिंतीला लावल्यावर तो परत जड होत असणार.” अगदी बरोबर! गिलाव्यातला चुना वर्षानुवर्षं हवेतला तोच वायू ओढतो आणि पुन्हा दगड होतो. सातवी शिकलेल्या माणसाने हे एका वाक्यात ओळखलं. काकांनी मात्र माझी वही हातातही घेतली नाही.

शुक्रावर हा परतीचा रस्ताच नाही. आमच्याकडे वर्षाला सुमारे ३००० मिलिमीटर पाऊस पडतो, तो हवेतला वायू धुऊन नदीत नेतो, नदी समुद्रात, तिथे त्याचा शिंपला होतो. शुक्रावर पडतो गंधकाम्लाचा पाऊस, तोही जमिनीला लागण्याआधीच वाफ होतो. ज्वालामुखींनी ओकलेलं सगळं हवेतच राहिलं.

एक राहिलं. चुनखडी शिंपल्यांशिवायही बनते, मूळ गरज पाण्याची. आणि शुक्रावर पाणी टिकलं नाही त्यात सूर्याच्या जवळिकीचा मोठा हात आहे, तेव्हा ते दहा जण पूर्ण चूक नाहीत.

राहण्याचं म्हणाल तर सोव्हिएत व्हेनेरा १३ हे यान १९८२ साली तिथे उतरलं आणि १२७ मिनिटं चाललं. माणसाचं काय होईल ते तुम्हीच ठरवा.

माझे चुलतभाऊ इथे वाचतात हे मला ठाऊक आहे. त्यांनी शिंपले तोलून घ्यावेत, भाजावेत आणि परत तोलावेत. स्वयंपाकाचा गॅस पुरणार नाही, ९०० अंशांच्या आसपास ताव लागतो. आमची जुनी भट्टी पडकी झाली असली तरी एका खेपेला चालेल. लाकूड मी देतो.