कैरोत तीन दिवस, सोबत आई : कुठलं म्युझियम, कुठला बाजार?

प्रश्न : मी आणि ताई आईला घेऊन डिसेंबरात कैरोला चाललोय, हातात तीनच दिवस. आई 68 वर्षांची, गुडघे दुखतात, पण तिला पिरॅमिड, तुतनखामेनचा मुखवटा आणि ममी बघायच्याच आहेत. एजंट म्हणतो म्युझियम अर्ध्या दिवसात होतं. बाजारात घासाघीस करावी लागते का? आम्ही शाकाहारी आहोत. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : आधी एजंटला विचारा, कुठलं म्युझियम? तुतनखामेनचा मुखवटा आता गिझाच्या नव्या ग्रँड इजिप्शियन म्युझियममध्ये आहे आणि राजघराण्यातल्या 22 ममी 2021 मध्येच फुस्तात या जुन्या कैरोतल्या भागातल्या म्युझियममध्ये हलवल्यात, म्हणजे आईंच्या दोन इच्छा शहराच्या दोन टोकांना आहेत आणि अर्ध्या दिवसात काहीही होणार नाही.

पहिला दिवस पिरॅमिडला द्या, सकाळी लवकर जा. मोठ्या पिरॅमिडच्या आत जायला वेगळं तिकीट आहे, पण आईंना कृपया नेऊ नका, कमरेत वाकून चढत जावं लागतं आणि वर खोलीत ग्रॅनाइटची रिकामी पेटी सोडून काही नाही, भिंतींवर चित्रंसुद्धा नाहीत. उंटवाल्याशी बसण्याआधीच उतरण्यासकट सगळे पैसे ठरवा.

दुसरा दिवस पूर्ण नव्या म्युझियमला. तिकीट ऑनलाइन आधीच काढा. दारातून आत गेलं की समोर राजा रामसेस दुसरा याचा 11 मीटर उंच पुतळा, हा 2006 पर्यंत रेल्वे स्टेशनसमोरच्या चौकात धूर खात उभा होता. मुखवटा बघून लगेच निघू नका, तुतनखामेन या पोरसवदा राजाच्या थडग्यातल्या 5000 च्या वर वस्तू आहेत, त्याच्या चपला आणि खुर्च्याही बघा, तो विशीच्या आत गेला हे तेव्हा खरं वाटायला लागतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी फुस्तात. ममींच्या दालनात फोटो काढू देत नाहीत, आणि ते योग्यच आहे असं मला मनापासून वाटतं, शेवटी ती माणसं आहेत. सेकेनेनरे नावाच्या राजाच्या कवटीवरचे कुऱ्हाडीचे घाव साडेतीन हजार वर्षांनंतरही स्पष्ट दिसतात. तहरीर चौकातलं 1902 चं जुनं म्युझियम माझं फार लाडकं, पण आई दमल्या असतील तर ते सोडा.

संध्याकाळी खान अल-खलिली हा जुना बाजार. घासाघीस तर करायचीच, सांगितलेल्या भावाच्या निम्म्याच्याही खालून सुरुवात करा, हसत बोला, कोणी रागावत नाही. पपायरस (लव्हाळ्यासारख्या वनस्पतीपासून केलेला जुना इजिप्शियन कागद) म्हणून केळीच्या पानावरची चित्रं खपवतात, ती दुमडली की मोडतात. जेवणाची काळजी नको, कोशरी मिळते, भात, मसूर, मॅकरोनी, छोले, वर तळलेला कांदा आणि टोमॅटोची आंबट-तिखट चटणी, आईंना नक्की आवडेल. फक्त तिसरा दिवस शुक्रवार येत असेल तर बाजार संध्याकाळीच ठेवा, सकाळी बरीच दुकानं बंद असतात.