आज्जीकडे जायला रडणारे बाळ

म्युनिकमध्ये राहणाऱ्या एका आईने विचारले आहे की, डिसेंबरात 11 महिन्यांच्या मुलाला घेऊन ती बेळगावला, शहापुरातल्या माहेरी, पंधरा दिवसांसाठी येणार आहे. 4 महिन्यांचा असताना सगळ्यांच्या कडेवर हसत जाणारा हा मुलगा आता तिथल्या शेजारणीने नुसता हात पुढे केला तरी आकांत करतो, तेव्हा इकडे आल्यावर आज्जीला वाईट वाटेल आणि 'परदेशात माणसांची सवयच नाही त्याला' असे चारजण म्हणतील, त्याचे काय करावे.

मूल बुजते आहे, एवढाच याचा अर्थ. साधारण 6 ते 9 महिन्यांच्या दरम्यान आपले माणूस आणि परके माणूस यांतला फरक मुलाला नीट कळू लागतो, आणि तो कळला म्हणूनच ते रडते. माणसांनी भरलेल्या वाड्यात वाढणारी मुलेही या वयात बुजतात. मानसशास्त्रज्ञ मेरी एन्सवर्थ यांनी 1950 च्या दशकात युगांडातील खेड्यांत घरोघरी जाऊन तान्ह्या मुलांचे निरीक्षण केले, तेव्हा त्यांना दिसले की मूल आईपासून थोडे दूर जाते, भोवतालचे पाहून येते आणि भीती वाटली की परत तिलाच येऊन चिकटते. माझी स्वतःची नात टोरांटोहून आली, तेव्हा तीन दिवस माझ्याकडे पाठ करून बसली होती, आणि मी मनातून रुसले होते हे लपवत नाही.

आता तुमच्या हातात काय आहे ते पाहू. 1985 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात वर्षाच्या मुलांना काचेच्या टेबलावर ठेवले होते, ज्याच्या एका भागाखाली खोलगट उतार असल्याचा भास होत असे. पलीकडे उभ्या असलेल्या आईचा चेहरा आनंदी होता, तेव्हा 19 पैकी 14 मुले रांगत पलीकडे गेली. चेहऱ्यावर भीती होती, तेव्हा 17 पैकी एकही गेले नाही. म्हणजे आज्जी पुढे आली की 'आता हा रडणार' या धास्तीने तुमच्या कपाळावर आठी पडली, तर मुलगा तीच वाचणार.

म्हणून सांबऱ्याच्या विमानतळावरून घरी पोहोचल्यावर भाकरतुकडा ओवाळताना त्याला तुमच्याच कडेवर राहू द्या, आणि 'बघू, माझ्याकडे येतोय का' म्हणत हातोहात फिरवणाऱ्यांना हसून थांबवा. मग जमिनीवर आज्जीच्या शेजारी बसा आणि तिच्याशी मनसोक्त गप्पा मारा. आज्जीने त्याच्याकडे रोखून न बघता स्टीलची वाटी आणि चमचा घेऊन आपल्याच नादात वाजवत बसावे. तो आधी वाटीकडे बघेल, मग तुमच्या तोंडाकडे, मग पुन्हा वाटीकडे, आणि केव्हातरी एक हात पुढे येईल. तेव्हाही लगेच उचलून घेऊ नये.

भाषेचाही यात वाटा आहे. 2007 मधील एका संशोधनात 10 महिन्यांच्या अमेरिकी आणि फ्रेंच बाळांनी आपल्या घरची भाषा बोलणाऱ्या व्यक्तीने दाखवलेले खेळणे घेणे अधिक पसंत केले. म्हणून तिकडे घरात त्याच्याशी आपल्या बेळगावकडच्या ढंगाने, 'ये की रे, बस की इथं' असे मोकळेपणाने बोलत राहा. शेजारच्या कन्नड काकूंनी कितीही प्रेमाने 'बा इल्लि' म्हटले तरी तो त्यांच्याकडे जरा उशिराच जाईल. याचा सीमावादाशी काही संबंध नाही, एवढे त्यांना आधीच सांगून ठेवावे.

तोवर व्हिडिओ कॉल चालू ठेवा. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2016 मध्ये दीड वर्षाखालील मुलांना पडद्यापासून दूर ठेवण्याचा सल्ला दिला, तेव्हा व्हिडिओ कॉलला मात्र सूट दिली होती. 2014 मधील एका प्रयोगात 2 ते अडीच वर्षांची मुले समोरासमोरच्या बोलण्यातून आणि थेट व्हिडिओ कॉलवरून नवे शब्द शिकली, पण आधीच चित्रित केलेल्या संवादातून शिकली नाहीत, कारण त्यातले माणूस मुलाच्या वागण्याला उत्तर देत नव्हते. तुमचा मुलगा त्याहून बराच लहान असला तरी त्याने टाळी वाजवली की आज्जीनेही वाजवावी, फोन कोणीतरी हातात धरून ठेवावा आणि तुम्ही जवळ बसावे. हिवाळ्यात तुमचे सकाळचे 8 म्हणजे इकडचे दुपारचे साडेबारा, आज्जीचा स्वयंपाक आवरलेला असतो. तेव्हा तिला रोज तीच स्टीलची वाटी घेऊन बसायला सांगा, आणि डिसेंबरात तुम्ही याल तोपर्यंत ती वाटी बदलू नये.